पितळी चकतीचं ५० वर्षांचं कॅलेंडर: विकत घेण्याआधी लाल जानेवारी शोधा

भेटवस्तूंच्या दुकानात पेनस्टँड आणि होकायंत्रांच्या शेजारी हे गोल पितळी कॅलेंडर हमखास दिसतं. एकावर एक बसवलेल्या दोन चकत्या, मधोमध त्यांना जोडणारी रिव्हेट, म्हणजे धातूची खीळ. वरची चकती फिरवून हवा तो महिना हव्या त्या वर्षाखाली आणला, की खिडकीत त्या महिन्याचे वार तारखांच्या डोक्यावर येऊन बसतात. बॅटरी नाही, पानं उलटायची नाहीत. हाताने फिरवून गणित सोडवणारी इतकी सुटसुटीत वस्तू घरात असावी असं मनापासून वाटतं, आणि नीट बनवलेला नग मिळाला तर ती घेण्यासारखीच आहे.

अडचण एवढीच की सगळे नग बाहेरून सारखे दिसतात आणि सगळे बरोबर नसतात. काही दर चार वर्षांनी दोन महिने चुकतात. काही तर पहिल्याच लीप वर्षाच्या मार्चपासून चुकायला लागतात आणि पुढे चूक वाढतच जाते. किंमत ठरते ती नक्षीवर, पॉलिशवर आणि लाकडी डबीवर, वारांच्या अचूकपणावर नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं दुकानात, काउंटरवर उभं राहून पाच मिनिटांत तपासता येईल असं आहे. इथे २०११ ते २०६० अशी वर्षं असलेली, सात सेंटिमीटर व्यासाची टेबलावरची चकती धरली आहे. त्याच रचनेची, किल्ल्यांना अडकवायची साडेतीन सेंटिमीटरची किचेनही मिळते, तिच्याबद्दल पुढे.

आधी रचना समजून घेऊ. खालच्या स्थिर चकतीच्या वरच्या भागात वर्षं सात रकान्यांत कोरलेली असतात. त्याच चकतीवर आतल्या बाजूला वारांचं कडं असतं, सोम-मंगळ-बुध असं पुन्हा पुन्हा येणारं. वरच्या फिरत्या चकतीच्या कडेला महिन्यांची सात घरं असतात, आणि खालच्या भागात एक खिडकी व तिच्याखाली १ ते ३१ तारखा, सात-सातच्या ओळींत. महिने बारा आणि घरं सात, कारण काही महिने एकाच वारी सुरू होतात. साध्या वर्षात जानेवारी आणि ऑक्टोबर एका घरात, मे एकटा, ऑगस्ट एकटा, फेब्रुवारी-मार्च-नोव्हेंबर एकत्र, जून एकटा, सप्टेंबर-डिसेंबर एकत्र, एप्रिल-जुलै एकत्र. घरांचा क्रमही हाच हवा. महिन्यांची नावं इंग्रजी तीन-तीन अक्षरांत असतात, त्यामुळे जून आणि जुलै यांत बारीक अक्षरामुळे गल्लत होते. तेवढं भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा लावून बघा.

आता लीप वर्ष. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. लीप वर्षात दिवस ३६६, म्हणून दोन वार. महाराष्ट्र दिनाचंच घ्या: १ मे २०२३ ला सोमवार होता, २०२४ ला थेट बुधवार, २०२५ ला गुरुवार. मंगळवार मधल्यामध्ये गळाला. चकतीवर हे दाखवायचं असेल तर लीप वर्षाच्या आधी एक घर मोकळं सोडावं लागतं. बरोबर कोरलेल्या चकतीची तिसरी ओळ अशी दिसते: २०२२, २०२३, मोकळं घर, २०२४, २०२५, २०२६, २०२७. चौथी ओळ मोकळ्या घरानेच सुरू होते, मग २०२८, २०२९, २०३०, २०३१, पुन्हा मोकळं घर, २०३२. २०११ ते २०६० मध्ये वर्षं ५० आणि त्यांतली लीप १३, म्हणजे एकूण ६३ घरं: सात रकाने, बरोब्बर नऊ ओळी. ओळी मोजा. नऊच्या ऐवजी सात ओळी आणि वर एक उरलेलं वर्ष असा प्रकार असेल तर कारागिराने मोकळी घरं सोडलेलीच नाहीत. तो नग तिथेच ठेवून द्या, त्याला दुरुस्ती नाही.

मोकळं घर लीप वर्षाच्या आधी हवं, नंतर नाही. ही चूक फसवी आहे, कारण ओळी नऊच भरतात आणि पुढची साधी वर्षं बरोबर येतात. फक्त लीप वर्ष स्वतः एक घर मागे राहतं आणि त्याचे मार्च ते डिसेंबर हे दहा महिने चुकतात. ओळखायची खूण सोपी. २०२४ ज्या रकान्यात आहे त्याच रकान्यात वर २०१९ आणि खाली २०३० दिसलं पाहिजे. २०२४ च्या वर २०१८ दिसलं तर रचना उलटी आहे.

पण एवढं बरोबर असूनही काम पूर्ण होत नाही, आणि चांगली चकती व नुसती शोभेची चकती यांतला खरा फरक इथेच आहे. लीप वर्षाचा जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी येतो, १ जानेवारीला नाही. म्हणजे वर्षाने दुसरी उडी मारलेली असते ती २९ फेब्रुवारीनंतर. जानेवारी आणि फेब्रुवारी अजून जुन्याच जागी असतात. २०२४ चे पहिले दोन महिने २०१८ सारखे होते आणि पुढचे दहा महिने २०१९ सारखे. (जुनी भिंतीवरची कॅलेंडरं जपून ठेवणाऱ्यांना हे उपयोगी आहे: २०२८ साठी २०२२ ची पहिली दोन पानं आणि २०२३ ची उरलेली दहा एकत्र लावली तर वार-तारखा तंतोतंत जुळतात. फक्त २९ फेब्रुवारीचा मंगळवार हाताने लिहावा लागेल. तिथ्या आणि सण अर्थातच जुळणार नाहीत.)

म्हणून नीट बनवलेल्या चकतीवर जानेवारी आणि फेब्रुवारी दोनदा असतात: एकदा काळ्या अक्षरांत, एकदा लाल. लाल म्हणजे लीप वर्षासाठी. लाल जानेवारीची जागा एप्रिल-जुलैच्या घरात आणि लाल फेब्रुवारीची ऑगस्टच्या घरात. दुसरी कुठलीही जागा चूक. काही नगांवर लाल रंगाऐवजी अधोरेखा किंवा कंस असतो, तेही चालेल. काही नगांवर मात्र हे दोन महिने एकदाच कोरलेले असतात आणि सोबतच्या कागदावरही काही खुलासा नसतो.

असा नग वापरला तर काय होतं ते २०२८ वर बघा. काळा फेब्रुवारी २०२८ च्या खाली लावला तर १ फेब्रुवारीला बुधवार दिसतो, खरा वार मंगळवार. बँकेचा दुसरा शनिवार मग ११ तारखेला दिसेल. प्रत्यक्षात ११ ला शुक्रवार आहे आणि बँक बंद असणार ती १२ ला. २६ जानेवारी बुधवारी आहे, चकती गुरुवार सांगेल. कुणी त्यावर जोड सुट्टी आखली, रेल्वेचं आरक्षण केलं, की संपलंच. चूक एका दिवसाचीच असते, म्हणून ती पटकन लक्षातही येत नाही.

दुकानात तपासणी करायची ती याच सांध्यावर. लाल फेब्रुवारी २०२४ खाली लावा: २९ ला गुरुवार आला पाहिजे. मग मार्च लावा: १ ला शुक्रवार. डिसेंबर २०२४ ची ३१ मंगळवारी, आणि काळा जानेवारी २०२५ खाली लावल्यावर १ ला बुधवार. चारही जुळले तर रकाने आणि महिन्यांची घरं दोन्ही बरोबर आहेत असं समजायला हरकत नाही. खात्रीसाठी २९ फेब्रुवारी २०२८ चा मंगळवार बघा. लाल अक्षरं नसलेल्या चकतीवर गंमतीशीर प्रकार दिसतो: २९ फेब्रुवारी २०२४ लाही शुक्रवार आणि १ मार्चलाही शुक्रवार. लागोपाठच्या दोन दिवसांना एकच वार. विक्रेत्याला समजावून सांगायचं असेल तर हाच दाखला पुरतो. साधी वर्षं तपासून वेळ घालवू नका, त्यांत वाईट चकतीही पास होते.

लाल अक्षरं नसली तरी मोकळी घरं जागच्या जागी असतील तर एक पळवाट आहे. लीप वर्षाचे जानेवारी-फेब्रुवारी बघताना काळा महिना त्या वर्षाखाली न लावता त्याच्या आधीच्या मोकळ्या घराखाली लावायचा. २०२४ साठी २०२३ आणि २०२४ यांच्या मधलं घर. उत्तर अचूक येतं. २०२८ चं मोकळं घर मात्र ओळीच्या सुरुवातीला आहे. ते २०२७ नंतर येतं हे लक्षात ठेवावं लागतं. घरात एकालाच हे माहीत असून भागत नाही, बाकीचे काळा महिना वर्षाखालीच लावणार.

बांधणीकडे वळू. सात सेंटिमीटर व्यास आणि दोन्ही चकत्या मिळून सहा मिलिमीटर जाडी असेल, तर भरीव पितळेचं वजन १९० ते २०० ग्रॅम भरतं. तेवढ्याच आकाराची जस्ताच्या मिश्रधातूची, वरून पितळी मुलामा दिलेली चकती १५० ग्रॅमच्या आसपास येते आणि ॲल्युमिनियमची ६० ते ६५. ऑनलाइन घेताना वर्णनातलं वजन आणि मापं यांचा मेळ घालून बघा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. मुलामा वाईटच असं नाही, पण फिरत्या चकतीची कड रोज घासली जाते आणि तिथला मुलामा आधी उडतो.

रिव्हेट महत्त्वाची. वर्तुळाचे २८ भाग केलेले असतात, म्हणजे एक घर साधारण १३ अंशांचं. सात सेंटिमीटरच्या चकतीच्या कडेला घराची रुंदी जेमतेम आठ मिलिमीटर येते. रिव्हेट सैल असेल आणि वरची चकती इकडेतिकडे दोन मिलिमीटर हलत असेल तरी वाचता येतं. चार हलली की महिना नेमका कुठल्या वर्षाखाली आहे हे सांगता येत नाही आणि वार एकाने चुकतो. चकती उभी धरून हलकेच झटका द्या. वरची चकती आपोआप फिरली तर रिव्हेट ढिली आहे. फार घट्ट असेल तर तीही नको, कारण जोर लावताना चकती एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारते. एका बोटाच्या जोराने सरकावी आणि सोडल्यावर थांबावी, एवढी घट्ट हवी.

किचेन घेऊ नये असं स्पष्ट मत आहे. साडेतीन सेंटिमीटरवर तेच घर चार मिलिमीटरचं होतं आणि त्यात नऊ ओळी वर्षं बसवायची म्हणजे अक्षरं मिलिमीटरभर उंचीची. किल्ल्यांबरोबर घासून अक्षरांतला रंग लवकर निघतो, आणि लाल रंग गेला की लाल जानेवारी आणि काळा जानेवारी यांत फरकच उरत नाही. मग एकाच महिन्याची दोन घरं आणि कुठलं खरं ते कळेना, ही अवस्था लाल अक्षरं मुळातच नसण्यापेक्षा वाईट.

चकतीकडून काय अपेक्षा करू नये तेही सांगायला हवं. महिना किती दिवसांचा हे तिला माहीत नसतं. तारखा कायम ३१ पर्यंत असतात, त्यामुळे २९ फेब्रुवारी २०२६ ला ती बेलाशक रविवार दाखवेल. त्या दिवशी खरं तर १ मार्च. लीप वर्ष कोणतं हे चारने भागून तुम्हीच ठरवायचं, किंवा मोकळ्या घरावरून ओळखायचं. सण, तिथ्या, एकादश्या यांचा तर प्रश्नच नाही. चांद्रमासाचं वर्ष ३५४ दिवसांच्या आसपास, त्याची तूट अधिक महिना भरून काढतो, आणि ती व्यवस्था पूर्ण वेगळी आहे. २०२६ मधला अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, हे पंचांगातच बघावं लागणार. संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून तिच्यावर लीप वर्षाचा ठसा दिसतो: संक्रमणाची वेळ दर वर्षी साधारण सहा तासांनी पुढे जाते आणि २९ फेब्रुवारी आला की पुढच्या जानेवारीत पुन्हा मागे येते. २०२३ आणि २०२४ ला संक्रांत १५ जानेवारीला होती, २०२५ आणि २०२६ ला १४ ला. 'यंदा पंधराला कशी?' या दरवर्षीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. ते चकतीवर नाही, पण चकतीवरच्या मोकळ्या घरामागचं कारण आणि हे कारण एकच.

राष्ट्रीय शक दिनदर्शिकेचीही सोय नसते. तिथे जादा दिवस फेब्रुवारीला न जोडता चैत्राला जोडतात: साध्या वर्षी चैत्र ३० दिवसांचा आणि १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी चैत्र ३१ दिवसांचा आणि तो २१ मार्चला सुरू होतो. जादा दिवस पहिल्याच महिन्यात घातल्यामुळे वर्षाचे दोन तुकडे होत नाहीत. त्या पद्धतीची चकती कुणी बनवली तर तिला लाल अक्षरांची जवळपास गरजच पडणार नाही. कुणीतरी बनवावी अशी फार इच्छा आहे.

५० वर्षांची मर्यादा खरी नाही, ही या वस्तूची मोठी जमेची बाजू. १९०१ ते २०९९ या काळात दर २८ वर्षांनी सगळे वार जसेच्या तसे परत येतात, लीप वर्षासकट. चकतीवर नसलेल्या वर्षात २८ मिळवत किंवा वजा करत जा. १ मे १९६० साठी ५६ मिळवून २०१६ लावा: रविवार. १५ ऑगस्ट १९४७ साठी ८४ मिळवून २०३१: शुक्रवार. लोकमान्य टिळकांच्या निधनाची तारीख १ ऑगस्ट १९२०. ११२ मिळवून २०३२ लावलं की रविवार येतो, आणि तो बरोबर आहे. पुढच्या बाजूला २०६१ साठी २०३३ लावा.

१९०० च्या मागे जाताना मात्र एक दुरुस्ती लागते. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. त्यामुळे १ मार्च १८०० ते २८ फेब्रुवारी १९०० या काळातल्या तारखेला चकतीच्या उत्तरात एक वार मिळवायचा. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६. १६८ मिळवून २०२४ लावलं तर मंगळवार दिसतो, एक मिळवून बुधवार, आणि तो खरा. २१०० लाही असंच होणार, उलट दिशेने: फेब्रुवारीपर्यंत २८ चा नियम चालेल, १ मार्च २१०० पासून उत्तरातून एक वार वजा. शिवकाळातल्या इंग्रजी वखारींच्या कागदपत्रांवर ही चकती लावू नये. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये स्वीकारली, त्याआधीच्या त्यांच्या तारखा जुन्या ज्युलियन मोजणीतल्या आहेत आणि वार जुळणार नाही.

देखभाल फारशी नाही, पण एक चूक सर्रास होते. पितळ काळवंडलं की लोक चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावतात. पितळ उजळतं खरं, पण कोरलेल्या अक्षरांत भरलेला रंग खरवडून निघतो. वर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर असेल तर घासणं पूर्ण टाळा, ओलसर मऊ कापड पुरे. लॅकर नसेल तर कापडावर नखभर ब्रासो घेऊन फक्त कड आणि पाठ पुसा, अक्षरांचा भाग सोडून. रिव्हेटला सहा महिन्यांनी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, तोही टाचणीच्या टोकाने. जास्त झालं तर ते चकत्यांच्या मधे पसरतं, धूळ धरतं आणि वारांचं कडं काळं पडतं.

लाल अक्षरं नसलेला नग आधीच घरात असेल, भेट आलेला असेल, आणि मोकळी घरं ठीक असतील, तर टाकू नका. जागा पिन आणि स्पिरिटने स्वच्छ करा. एप्रिल-जुलैच्या घरात लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, तो लीप वर्षाचा जानेवारी. ऑगस्टच्या घरात दोन ठिपके, तो फेब्रुवारी. अर्धा तास वाळू द्या आणि मग २९ फेब्रुवारी २०२४ लावून बघा: दोन ठिपके २०२४ खाली आले की खिडकीत २९ वर गुरुवार येतो.